वडिलांचा रिपोर्ट निगेटिव्ह, तरी मुलीला सिकलसेल: हे कसं घडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी दोन वर्षांची. हातापायांच्या बोटांना सूज, वरचेवर ताप, चेहऱ्यावर फिकटपणा, म्हणून रक्त तपासलं तर सिकलसेल निघाला. रिपोर्टवर 'एसएस पॅटर्न' असं लिहिलंय. आईची सिकलिंग चाचणी पॉझिटिव्ह, वडिलांची निगेटिव्ह. दोन्ही घराण्यांत हा आजार असलेलं माणूस कुणाच्या ऐकिवात नाही. वडील विचारतात: आजार आला कुठून, पुढच्या बाळाला होईल का, आणि उद्या मुलगी उपचारांनी बरी झाली तर तिच्या मुलांचं काय?

आधी सर्वांत महत्त्वाचं सांगतो. 'सिकलिंग निगेटिव्ह' या दोन शब्दांवरून वडिलांचा वाटा शून्य ठरत नाही. त्या चाचणीने एकाच गोष्टीचं उत्तर दिलंय: वडिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे लाल पेशींत ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचा सिकलसेल घडवणारा प्रकार, नाही. मुलीला आजार होण्यासाठी वडिलांकडून एसच यायला हवं, असं मात्र नाही. हे नीट कळायला जरा मुळापासून सुरुवात करू.

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळी कशी बनवायची याची आज्ञा अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली असते. प्रत्येकाकडे अकरावं गुणसूत्र दोनदा असतं, एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून, म्हणून या जनुकाच्या प्रतीही दोन. सिकलसेलमध्ये या जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं, 'ए'च्या जागी 'टी'. त्यामुळे १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. व्हॅलिनला पाण्याचं वावडं आहे. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत अडकतं, रेणूला रेणू लागत लांबच लांब तंतू तयार होतात, आणि लवचीक लाल पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर फुटते. मुलीच्या बोटांची सूज अशाच अडकण्यातून आली.

एक प्रत एसची आणि दुसरी नेहमीची, म्हणजे ए असेल, तर ती व्यक्ती वाहक. तिला एएस म्हणतात. दोन्ही प्रती एसच्या असतील तर एसएस, म्हणजे रुग्ण; दोन्ही नेहमीच्या असतील तर एए. तिच्या लाल पेशीत ए साधारण ५५ ते ६० टक्के आणि एस ३५ ते ४० टक्के असतं. इतकं ए सोबत असलं की तंतू सहसा वाढत नाहीत, त्यामुळे वाहक आयुष्यभर ठणठणीत असतो. शरीरातलं पाणी फार कमी होणं, अति श्रम किंवा फार उंचावरची विरळ हवा अशा टोकाच्या परिस्थितीत क्वचित त्रास होऊ शकतो, काहींच्या लघवीत कधीतरी रक्त दिसतं. पण वाहक 'बिघडत जाऊन' रुग्ण होत नाही. हा प्रश्न मला सतत विचारला जातो, म्हणून ठासून लिहितोय: जन्माला येताना ज्या दोन प्रती मिळाल्या त्या मिळाल्या, वयानुसार एएसचं एसएस होत नाही.

घराण्यात कुणालाच आजार नाही, याचं कोडंही इथेच सुटतं. वाहकाला त्रास नसल्याने तो कधी तपासायला जात नाही, आणि हे जनुक कितीतरी पिढ्या मुकाट पुढे सरकत राहतं. तुमच्या पत्नीचं तेच झालं असणार. तिला ते तिच्या आई किंवा वडिलांकडून मिळालं, त्यांना त्यांच्या आई किंवा वडिलांकडून, आणि प्रत्येक वेळी जोडीदाराकडून नेहमीची प्रत मिळत गेल्याने कुणालाच पत्ता लागला नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही लगेच उमगली नव्हती. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन १९१० साली प्रसिद्ध केलं. पुढे १९२३ मध्ये टालियाफेरो आणि हक यांनी कुटुंबं अभ्यासून असं मांडलं की हा गुण प्रभावी पद्धतीने, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसेल असा, उतरतो. त्यांची निरीक्षणं खोटी नव्हती. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबाचा ऑक्सिजन तोडला की वाहकाच्या पेशीही वाकतात, आणि तेवढा गुण दिसायला एक प्रत पुरते. मात्र पेशी वाकणं आणि आजारी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्पष्ट व्हायला १९४९ उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत जेम्स नील यांनी आणि आफ्रिकेत काम करणाऱ्या बीट यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की रुग्णाला बदललेल्या दोन प्रती लागतात, वाहकाकडे एक असते. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात हे दोन हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकतात हे दाखवून दिलं. रेणूतल्या बिघाडाने होणारा आजार म्हणून ओळखला गेलेला हा पहिला आजार.

पाठ्यपुस्तकातलं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आई एएस, वडील एएस. प्रत्येक पालक दोनपैकी एकच प्रत पुढे देतो, कोणती ते निव्वळ योगायोगावर. म्हणून प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता एसएसची, ५० टक्के एएसची, २५ टक्के एएची. एक पालक एएस आणि दुसरा एए असेल तर निम्मी शक्यता वाहकाची, निम्मी पूर्ण सुटकेची, आजाराची शून्य. एक एसएस आणि दुसरा एए असेल तर सगळीच मुलं वाहक, रुग्ण एकही नाही. एसएस आणि एएस या जोडीत निम्मी शक्यता रुग्णाची.

या टक्क्यांबद्दल एक गैरसमज फार चिवट आहे. 'चारात एक' म्हणजे चार मुलांत एक, आणि ती एक झाली, आता पुढची तीन सुटली, असं लोक धरून चालतात. नाणं उडवताना पहिल्यांदा छाप पडली म्हणून दुसऱ्यांदा काटा पडायचं बंधन त्याच्यावर येत नाही, तसंच हे. प्रत्येक बाळाचा हिशोब नव्याने सुरू होतो. दोन्ही पालक वाहक असतील तर दोन मुलांपैकी निदान एकाला आजार असण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के येते, तीन मुलांत ती सुमारे ५८ टक्के होते. म्हणून 'फक्त २५ टक्के' हा शब्दप्रयोग मला आवडत नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या एचपीएलसी रिपोर्टमध्ये, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणाऱ्या तपासणीत, एस ७१ टक्के, एफ (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन) २२ टक्के, ए-टू (एरवी थोडंसंच असणारा एक प्रकार) ५.४ टक्के आणि ए शून्य आहे. मुलीला अजून रक्त चढवलेलं नाही, त्यामुळे हे आकडे तिचेच आहेत, दात्याच्या रक्ताची भेसळ नाही. ए शून्य म्हणजे वडिलांकडून आलेली प्रत नेहमीचं ए बनवत नाही, इतकं नक्की. तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ज्याला एमसीव्ही म्हणतात, ते ६३ आहे. माझी नजर अडली ती इथे. निव्वळ एसएस असलेल्या मुलाच्या पेशी सहसा इतक्या लहान नसतात. लहान पेशी आणि वाढलेलं ए-टू दिसलं की बीटा थॅलेसेमियाचा विचार करावाच लागतो.

बीटा थॅलेसेमिया हा त्याच अकराव्या गुणसूत्रावरच्या त्याच जनुकातला वेगळा बिघाड आहे. एसमध्ये साखळी बनते पण सदोष, थॅलेसेमियात ती फार कमी बनते किंवा अजिबात बनत नाही. एक प्रत थॅलेसेमियाची आणि एक नेहमीची असेल तर त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. असा माणूस हिंडता-फिरता असतो, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी, आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही ते फारसं हलत नाही. त्याच्या रक्तात एस नसतंच, मग सिकलिंग चाचणी निगेटिव्ह येणार, आणि ती बरोबरच आहे. पण त्याने थॅलेसेमियाची प्रत दिली आणि आईने एस दिलं, तर बाळाकडे ए बनवणारं कुणीच उरत नाही. रक्तात जवळजवळ सगळं एस आणि थोडं एफ. कागदावर ते एसएससारखं दिसतं, आजारही त्याच तोडीचा असतो. याला सिकल-बीटा-शून्य थॅलेसेमिया म्हणतात. प्रत अगदीच मुकी नसून थोडं ए बनवत असेल तर तो सिकल-बीटा-प्लस, आणि आजार बहुधा सौम्य.

तुमच्या घरात हेच घडलं असावं असा माझा दाट अंदाज आहे. अंदाज म्हणतोय, कारण एचपीएलसीवर एसच्या शेजारी ए-टू थोडं फुगून दिसू शकतं, आणि एसएससोबत अल्फा थॅलेसेमिया (अल्फा साखळी कमी बनण्याचा बिघाड) किंवा लोहाची कमतरता असेल तरीही पेशी लहान होतात. मुलीच्या एकटीच्या रिपोर्टवर निकाल देता येत नाही, तो वडिलांच्या रक्तावरून लागतो. म्हणून तुम्ही स्वतः दोन साध्या तपासण्या करा: पूर्ण रक्तगणना आणि एचपीएलसी. एमसीव्ही कमी, लाल पेशींची संख्या जास्त आणि ए-टू ३.५ टक्क्यांच्या वर, साधारण ४ ते ६ च्या दरम्यान आलं, तर उत्तर मिळालं. लोह कमी असेल तर ए-टू थोडं खाली दिसतं, तेव्हा शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही सोबत पाहून घ्या. हे सगळं नॉर्मल आलं तरी थांबू नका. काही थॅलेसेमिया प्रकारांत ए-टू वाढत नाही, तिथे जनुकाची डीएनए तपासणीच लागते.

वडिलांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की घरात वेगळीच कुजबुज सुरू होते, आणि रोख बाईकडे असतो. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत हे मी पाहत आलोय. म्हणून स्पष्ट लिहितो: अशा निगेटिव्हचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे अपुरी चाचणी. वडील थॅलेसेमिया मायनर किंवा हिमोग्लोबिन डी, सी, ई अशा दुसऱ्या प्रकाराचे वाहक असतात आणि सिकलिंग चाचणी ते पकडूच शकत नाही. त्यानंतर येते नमुन्यांची अदलाबदल. जनुकात नव्यानेच बदल घडणं शक्य आहे, पण अतिशय दुर्मीळ. पितृत्वाची शंका ही सगळं तपासून झाल्यावरची, डॉक्टर आणि संबंधित व्यक्ती यांच्यात बंद दाराआड बोलायची बाब आहे. ती चहाच्या कपावर निकालात काढायची नसते.

सिकलिंगची ती चाचणी, जिला सोल्युबिलिटी म्हणतात, आणखी एका बाबतीत तोकडी आहे. नळीत रक्त आणि ऑक्सिजन काढून घेणारं रसायन घालतात, एस असेल तर द्रव गढूळ होतो. पण एएसमध्येही गढूळ, एसएसमध्येही गढूळ. वाहक की रुग्ण ते तिला सांगता येत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात तर रुग्ण असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते, कारण तेव्हा रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन एफ भरपूर आणि एस थोडं असतं. एफमध्ये बीटा साखळी नसतेच. आजाराची लक्षणं सहसा सहाव्या महिन्याच्या आसपास दिसू लागतात, ती एफ ओसरल्यामुळे. मोठ्या गटाची प्राथमिक चाळणी म्हणून सोल्युबिलिटी ठीक आहे, लग्नाचा किंवा अपत्याचा निर्णय तिच्यावर घेऊ नये.

पुढच्या बाळाबद्दल. तुम्ही थॅलेसेमिया मायनर ठरलात असं धरून हिशोब मांडतो. प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता मुलीसारख्याच सिकल-बीटा आजाराची, २५ टक्के आईसारख्या सिकल वाहकाची, २५ टक्के तुमच्यासारख्या मायनरची, २५ टक्के दोन्हींपासून मुक्त. म्हणजे आजाराचा धोका दोन सिकल वाहकांइतकाच. तुमच्याकडून एस जाणार नसल्याने एसएस होणार नाही, आणि तुमच्या पत्नीकडे थॅलेसेमियाची प्रत नसल्याने थॅलेसेमिया मेजरही, म्हणजे दोन्ही प्रती थॅलेसेमियाच्या असलेला गंभीर आजारही, नाही.

दिवस राहण्याआधी तुमच्या दोघांच्या डीएनएतला नेमका बदल शोधून ठेवा. यात लोक चुकतात: गर्भ राहिल्यावर धावपळ सुरू होते, आणि वडिलांचा बदल कोणता हे कळेपर्यंत आठवडे निघून जातात. गर्भाची तपासणी ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान वारेच्या बारीक तुकड्यावरून होते, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलावरून. दोन्हींत गर्भपाताचा लहानसा धोका असतो. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तपासून मग रोपण करण्याचाही मार्ग आहे, तो खर्चिक आणि शारीरिकदृष्ट्या दमवणारा. यातलं काहीच करायचं नाही, जे होईल ते स्वीकारू, असंही अनेक जोडपी ठरवतात, आणि तो पर्यायही तितकाच मोकळा आहे. फक्त मग जन्मल्याबरोबर बाळाची तपासणी करा. नवजाताच्या रिपोर्टवर अक्षरांचा क्रम प्रमाणानुसार असतो: एफएएस म्हणजे वाहक, एफएस म्हणजे आजार. लवकर कळलं की दोन महिन्यांच्या वयापासून पेनिसिलिन सुरू करता येतं, आणि लहानपणी जिवावर बेतणारे जंतुसंसर्ग बऱ्याच अंशी टळतात.

रक्तगट, मुलगा की मुलगी, रंग, रास यांचा या सगळ्याशी संबंध नाही. रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे, त्यामुळे दोघांचा रक्तगट एक आहे म्हणून मुलीला हा आजार झाला, हे चूक. हिमोफिलियासारखा हा एक्स गुणसूत्रावरचा आजार नाही, म्हणून मुलगे-मुली दोघांनाही सारखाच. नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो तो एकच बदल दोन्हीकडून भेटण्याची संधी वाढते म्हणून. तुमचं लग्न नात्यातलं नाही आणि तुमच्या घरी बहुधा दोन वेगळे बदल दोन वेगळ्या घराण्यांतून आले.

आणि दोष? हिवतापाने हे जनुक टिकवलंय. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकल वाहकांना फॅल्सिपॅरम या जीवघेण्या प्रकारच्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. वाहक मुलं जगली, त्यांना मुलं झाली, जनुक पसरलं. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा, अरबस्तान आणि भारत, जिथे हिवतापाने शतकानुशतकं माणसं नेली तिथेच ते जास्त सापडतं. थॅलेसेमियाचीही कहाणी याच जातीची, म्हणूनच ही दोन जनुकं अनेकदा एकाच प्रदेशात भेटतात आणि तुमच्यासारखी जोडी जुळते. जे जनुक पणजोबांना वाचवून गेलं त्याबद्दल सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही.

एकाच आईवडिलांची दोन एसएस मुलं, एक वारंवार दवाखान्यात आणि एक शाळेत खेळात पुढे, असंही दिसतं. कारण बीटा जनुक सारखं असलं तरी त्याच्या आजूबाजूची जनुकं वेगळी वाटली जातात. सोळाव्या गुणसूत्रावरून अल्फा थॅलेसेमिया आला तर रक्तक्षय थोडा कमी होतो. दुसऱ्या आणि सहाव्या गुणसूत्रांवरचे काही बदल मोठेपणीही एफ चढं ठेवतात, आणि एफ जितकं जास्त तितका त्रास कमी. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः एफ वाढवूनच काम करतं. भारत आणि अरबस्तानात आढळणाऱ्या एस जनुकासोबत एफ वाढवणारा एक बदल बहुधा जोडीनेच येतो. त्यामुळे सरासरीने आजार थोडा सौम्य असतो, पण या सरासरीवर एखाद्या मुलाचं भविष्य वर्तवू नये.

तुमच्या आणि पत्नीच्या सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायला हवं. त्यांच्यापैकी प्रत्येकाला तोच बदल मिळालेला असण्याची शक्यता निदान निम्मी. मुलीला पुढे धडधाकट भावंड झालं, तर त्याला लहानपणीच कळू द्या, कारण अशा भावंडाची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते, निम्मी नव्हे. आजार नाही हे कळल्यावर चारांतला एक पर्याय बाद होतो, उरलेल्या तीनांत दोन वाहक.

शेवटचा प्रश्न मुलीच्या मुलांचा. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. सख्ख्या भावंडाच्या पेशी जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि ते भावंड वाहक असलं तरी दाता म्हणून चालतं. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुक-संपादनाच्या उपचारालाही मान्यता दिली, त्यात रुग्णाच्याच रक्तपेशींमध्ये एफ पुन्हा सुरू करतात. हे दोन्ही उपचार रक्त बनवणाऱ्या पेशी बदलतात, स्त्रीबीजांना हात लावत नाहीत. तुमच्या मुलीच्या प्रत्येक बीजात एस किंवा थॅलेसेमिया यांपैकी एक प्रत राहणारच. तिचा नवरा एए असला तर सगळी मुलं कोणत्या तरी प्रकारची वाहक, आजारी एकही नाही. नवरा सिकल वाहक किंवा मायनर निघाला तर प्रत्येक बाळाला गंभीर आजाराची शक्यता निम्मी. प्रत्यारोपणाआधीच्या तीव्र औषधांनी बीजकोशांना इजा होऊ शकते, त्याबद्दल उपचार ठरवतानाच डॉक्टरांशी बोला. आणि प्रत्यारोपणानंतर तिच्या रक्ताचा रिपोर्ट दात्यासारखा येईल, अगदी 'एए' असासुद्धा. तो पाहून पुढे कुणीतरी तिच्या नवऱ्याची तपासणी अनावश्यक ठरवू शकतं. म्हणून आजची एचपीएलसी आणि उद्या होणारी डीएनए तपासणी, दोन्ही कागद तिच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावून ठेवा.